बिल तीन ओळींत मागा

पाच-सात उन्हाळे उघड्यावर काढलेल्या एखाद्या हॅचबॅकच्या मागे उभे राहा आणि छपराच्या टोकाकडे बघा. दारं चकचकीत असतात, बंपर पुसूनपासून ठेवलेला असतो, पण वरच्या स्पॉयलरचे पापुद्रे निघालेले असतात. मधे पांढुरके डाग, कडेला बारीक भेगा, एक टोक किंचित वर आलेलं. मालक गाडी सर्व्हिसला नेतो. काउंटरवरून उत्तर येतं, "सर, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल." पुढे एकच गोल आकडा. मग मालक एक तर मुकाट्याने पैसे भरतो, नाहीतर "चालतंय तोवर चालू दे" म्हणून तसाच घरी येतो.

दोन्ही चूक. झिजलेला स्पॉयलर वेळेत नीट करायलाच हवा आणि तो साध्या नोकरदाराच्या खिशाला परवडेल एवढ्यात होतो. त्यासाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवा. भाग, रंग आणि बसवणं ही तीन वेगळी कामं आहेत, तिन्हींचे दर वेगळे आहेत आणि तिन्ही एकाच दुकानात करून घेण्याची सक्ती कुणीही केलेली नाही. एका गोल आकड्यात ती गुंडाळली गेली, की ग्राहकाला कशाचे किती मोजले हे कळायची सोयच उरत नाही. जास्तीचे पैसे जातात ते तिथे.

*

आधी विचारू या, हा खर्च करायचा तरी कशाला?

मोटारीच्या शेपटाला स्पॉयलर आला तो वेगाच्या गरजेपोटी. १९७२ साली पोर्शने ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीला बदकाच्या शेपटीसारखा उचललेला स्पॉयलर दिला, कारण भरधाव वेगात मागचा भाग हलका होत होता आणि चाकांची पकड कमी होत होती. आपल्या हॅचबॅकच्या छपरावरचा स्पॉयलर त्या जातीचा नाही. छपरावरून येणारी हवा मागच्या काचेपाशी नीट सुटावी, मागे भोवरे कमी व्हावेत, एवढं त्याचं काम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शहरात ताशी ४० ने जाताना त्याचा फायदा हिशेबात धरण्याइतकाही नसतो. नवा स्पॉयलर लावल्यावर मायलेज वाढेल असं सांगून कुणी विकत असेल, तर त्या दुकानातून उठा.

खरं कारण वेगळं आहे. अनेक हॅचबॅकमध्ये तिसरा ब्रेक लाइट याच स्पॉयलरमध्ये बसवलेला असतो. हा दिवा हौसेपोटी आलेला नाही. १९७४ मध्ये जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींवर मागे एक जादा ब्रेक लाइट लावून प्रयोग केला. दिवा नसलेल्या टॅक्सींच्या तुलनेत या टॅक्सींना मागून बसलेल्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी भरल्या. पुढे अमेरिकेने १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना हा दिवा सक्तीचा केला. सगळ्याच गाड्यांवर दिवा आल्यावर लोकांचे डोळे सरावले, परिणाम बराच उतरला. तरीही १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात अशा धडकांतली ४.३ टक्के घट टिकून असल्याचं दिसलं. एका लहानशा लाल पट्टीकडून आणखी काय हवं? आपल्याकडे पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालवण्याची सवय आहे. तेव्हा मधल्या गाडीच्या काचांमधून आरपार दिसणारा हा उंचावरचा दिवा दोन गाड्या मागे असलेल्यालाही सावध करतो. या दिव्याचं भिंग झिजून धुरकट झालं असेल किंवा वायर कुजली असेल, तर तुमच्या मागचा चालक तेवढा आंधळा झाला.

दुसरं कारण टोक सुटण्याचं. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ताशी ४० ला हवा स्पॉयलरवर जेवढा जोर लावते त्याच्या नऊपट जोर ती १२० ला लावते. वर आलेल्या टोकाखाली ही हवा शिरते. सुटून मागे उडालेला तुकडा दुचाकीवाल्याच्या तोंडावर आदळला तर "रंगच तर उडाला होता" हे उत्तर कुणाला देणार?

तिसरं कारण पाणी. स्पॉयलरचे बोल्ट डिकीच्या दाराच्या पत्र्यातून आत जातात. त्या भोकांभोवतीचं रबर कडक झालं की पाणी आत उतरतं आणि दाराच्या आतल्या पोकळीत साचतं. बाहेरून काही दिसत नाही. कोकणातले दोन पावसाळे गेले की खालच्या शिवणीला गंजाचे फुगे येतात आणि मग काम प्लॅस्टिकचं राहत नाही, पत्र्याचं होतं. पत्र्याचं काम नेहमीच महाग.

*

स्पॉयलरच का सोलतो? बहुतेक गाड्यांत तो एबीएस प्लॅस्टिकचा असतो. या प्लॅस्टिकला चिवटपणा देणारा ब्युटाडाईन हा रबरी घटक अतिनील किरणांपुढे टिकत नाही. त्याला वाचवतो तो रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. छपराच्या टोकावर दिवसभर उभं ऊन पडतं, दारांवर तिरपं. म्हणून क्लिअर कोट आधी इथे मरतो.

त्यात प्लॅस्टिक आणि पत्र्याचं जमत नाही. एबीएस तापल्यावर पोलादाच्या सहापट किंवा त्याहून जास्त पसरतं. पहाटे आणि भर दुपारी गाडीच्या पृष्ठभागाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर मीटरभर लांबीचा स्पॉयलर तीनेक मिलिमीटर वाढतो आणि खालचा पत्रा अर्धाच मिलिमीटर. हे ओढणं रोज चालतं. स्पॉयलर चिकटवणारी टेप सैल होते, बोल्टच्या बुडाशी भेग जाते, रंगाला चिरा पडतात. म्हणून स्पॉयलर आणि पत्र्यामधला सांधा पुट्टीने भरून "एकदम सपाट करून देतो" म्हणणाऱ्या पेंटरला नाही म्हणा. पुट्टी कडक असते, ती एका उन्हाळ्यात तडकते.

*

आता तपासणी. दहा मिनिटं लागतात आणि सगळा हिशेब इथेच ठरतो.

दोन्ही टोकांना बोटं घालून हलकेच वर उचला. हालचाल झाली तर टेप गेली. ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा आणि मागून दिवा बघा; पट्टीतला एखादा ठिपका जरी विझलेला असला तरी लिहून ठेवा. डिकीचं दार उघडून आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढा. ते क्लिपांवर असतं, धीराने ओढलं की निघतं. वरून तांब्याभर पाणी ओता आणि बोल्टांभोवती ओल येते का पाहा. शेवटी बोल्टजवळची भेग टॉर्च लावून तपासा.

फक्त क्लिअर कोट गेला असेल, तर स्पॉयलर बदलू नका. उतरवा, घासा, रंगवा. नव्या भागाचे पैसे वाचले.

कडेला लहान भेग असेल आणि बोल्टची जागा शाबूत असेल, तरीही बदलू नका. एबीएस जोडता येतं. प्लॅस्टिक वेल्डिंगवाला ते गरम करून सांधतो. काही कारागीर एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून तो लगदा भेगेत भरतात. सुकल्यावर भर आणि भाग एकाच मालाचे होतात. हे बंपरवाल्यांचं रोजचं काम आहे, मोठ्या शहरांत प्रत्येक गॅरेज गल्लीत असा एक तरी माणूस सापडतो.

बोल्टची जागा तुटली, दिव्याची खाच तडकली किंवा प्लॅस्टिक ठिसूळ होऊन दाबताच कडकडलं, तरच नवा घ्या. इथे कंजुषी करू नका. ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक जोडून उपयोग नाही, ते शेजारी तुटतं.

*

नवा घ्यायचा म्हणजे कुठला? दुकानदार "ओरिजिनल हवा की लोकल?" असं विचारून मोकळा होतो. प्रत्यक्षात पर्याय चार आहेत.

कंपनीच्या खोक्यातला भाग. खोक्यावर पार्ट नंबर आणि कमाल किंमत छापलेली असते. आपल्या मॉडेलचा आणि वर्षाचा पार्ट नंबर आधी काढा, त्याशिवाय कुठलीही किंमत विचारू नका. हा नंबर हातात असला की शहरातल्या कुठल्याही अधिकृत स्पेअर काउंटरवर तोच भाग विकत मिळतो आणि गाडी तिथे सोडावी लागत नाही.

कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याचा भाग. मोटार कंपन्या असे बरेच सुटे भाग स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. तोच पुरवठादार स्वतःच्या नावाने बाजारात विकत असेल, तर सारखीच वस्तू कमी दरात पडते. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात चार दुकानं फिरून हे नाव विचारा.

बाजारी, बिनरंगी भाग. साध्या हॅचबॅकसाठी तो साधारण दोन ते चार हजारांत मिळतो. घेताना मालाचं नाव विचारा. एबीएस असेल तर घ्या. फायबरचा असेल तर हातात धरून काठ बघा, जाडी ठिकठिकाणी वेगळी असते आणि बोल्टच्या जागा बऱ्याचदा एक-दोन मिलिमीटर सरकलेल्या असतात. गाडीवर ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दिव्याची खाच नसलेला स्पॉयलर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

जुना, काढलेला भाग. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात असा माल निघतो. आता नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रंही आहेत. २०२१ च्या नियमांनी त्यांना कायद्याची चौकट मिळाली. अपघातात पुढून ठोकलेल्या गाडीचा मागचा स्पॉयलर कोराकरकरीत असू शकतो, आणि नशिबाने तुमच्याच रंगाचा मिळाला तर रंगाचा खर्चही वाचला. मात्र पावती घ्या. पावती न देणाऱ्याकडून घेतलेला स्वस्त भाग कुणाच्या तरी चोरलेल्या गाडीचा असण्याची शक्यता आहे आणि तो बाजार चालवण्यात आपला हात असता कामा नये.

दर विचारताना आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. कुणी जुनी दरपत्रिका दाखवून २८ टक्क्यांनी हिशेब करत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

*

रंगाचा पैसा सगळ्यात जास्त वाया जातो, कारण पाया कच्चा असतो आणि तो दिसत नाही.

चांगला पेंटर कसा ओळखायचा? तो फवारणीपेक्षा घासण्याला जास्त वेळ देतो. जुना सोललेला थर तो पूर्ण काढतो, मग ओल्या पेपरने घासत बारीक दाण्याकडे जातो. बोट फिरवून कुठे कड लागते का बघतो, लागली तर परत घासतो. मेणाचा अंश घालवण्यासाठी सॉल्व्हंटने पुसतो. मग प्लॅस्टिक प्रायमर. हा प्रायमर पत्र्याच्या प्रायमरपेक्षा वेगळा असतो आणि नेमका तोच चुकवला जातो. तो नसेल तर वरचा रंग कितीही महागाचा असो, पहिल्या प्रेशर वॉशला पापुद्रा निघणार. त्यावर रंगाचे पातळ हात आणि शेवटी पीयू क्लिअरचे दोन हात. क्लिअर एकाच हातात उरकणाऱ्याला काम देऊ नका. ऊन रोखतो तो क्लिअरच.

रंग डोळ्याने जुळवू देऊ नका. रंगाचा कोड गाडीवरच असतो, दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर. त्याचा फोटो काढून द्या. तरीही सात वर्षं उन्हात राहिलेलं छप्पर आणि ताजा रंग यांत फरक दिसू शकतो. त्यावर स्वस्त आणि देखणा उपाय म्हणजे स्पॉयलर चकचकीत काळा करून घ्या. जुळवणीचा प्रश्नच मिटतो आणि काचेच्या काळ्या कडेशी तो शोभतो.

एक युक्ती अशी की स्पॉयलर सुटा करून पेंटरकडे न्या. गाडीवरच रंगवायचा म्हटलं की मास्किंग येतं, काच झाकणं येतं, गाडी दोन दिवस अडकते आणि दर वाढतो. सुट्या भागाला तो कमी पैसे घेतो आणि कडाही नीट रंगतात.

*

उतरवणं आणि बसवणं. बहुतेक गाड्यांत आतून १० मिलिमीटरच्या नटांवर आणि बाहेरून टेपवर स्पॉयलर असतो. नट काढले, दिव्याचा कप्लर सोडला, काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची नळी असेल तर तीही सोडली, तरी तो सुटत नाही. इथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणारा कारागीर डिकीच्या दाराचा रंग खरवडतो. जाणता माणूस हेअर ड्रायर किंवा हीट गनने सांधा कोमट करतो आणि मासेमारीची बारीक नायलॉन दोरी टेपखाली घालून दोन्ही हातांनी करवतीसारखी ओढतो. दोरी टेप कापत जाते, रंगाला ओरखडा येत नाही. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळ्या करून काढतात. हे बघायला उभे राहा. माणूस दोरी काढतो की स्क्रूड्रायव्हर, यावरून त्याच्या हाती गाडी द्यायची की नाही ते कळतं.

बसवताना जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेली असावी, बोल्टची रबरं नवी असावीत आणि टेप ॲक्रिलिक फोमची असावी. स्टेशनरीच्या दुकानातली दोन्ही बाजूंची टेप चालत नाही. ॲक्रिलिक टेप हळूहळू पकड घेते. साधारण २४ तासांत नव्वद टक्के, ७२ तासांत पूर्ण. तोवर गाडी धुऊ नका आणि महामार्गावर नेऊ नका. गाडी ताब्यात देताना हे न सांगणाऱ्याने निम्मंच काम केलं.

*

"विम्यात बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर गणित करा. झीज आणि जुनेपणा विम्यात बसतच नाही. खोटा अपघात दाखवायचा म्हणजे फसवणूक आणि ती सही तुमची. खरोखर धक्का लागून तुटला असेल तरी साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये वजा होतात. समजा भाग ६,००० चा आहे. घसाऱ्यात ३,००० गेले, वर १,००० गेले, हाती उरले २,०००. आणि नो क्लेम बोनस गेला. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि एका दाव्याने शून्यावर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल आणि बोनस ३५ टक्के असेल, तर पुढच्या वर्षी एकट्या त्यातच २,८०० गेले. दावा करून तुम्ही खिशातून भर घातली.

आणि मोठा पंख लावायचा मोह झाला असेल, तर तो सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मूळ रचनेचाच भाग बदलण्याला कुणाची हरकत नाही. लुकलुकणारी रंगीत दिव्यांची पट्टी लावलीत, तर मात्र मागच्या माणसाला तुम्ही ब्रेक मारलाय की मिरवताय हेच कळणार नाही.

*

हे सगळं ग्राहकाने एकट्याने का शिकायचं? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप हाच होता की सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊ न देता त्यांनी ग्राहकाला आपल्या दारात बांधून ठेवलं. प्रकरण अपिलांत गेलं. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राने 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केलं आणि मोटारींचं क्षेत्रही त्यात घेतलं. दिशा योग्य आहे. पण जोवर काउंटरवर "असेंब्लीच बदलावी लागेल" हे वाक्य बिनदिक्कत चालतं, तोवर हा हक्क कागदावरच आहे.

तो काउंटरवर आणायचं काम ग्राहकालाच करावं लागेल, आणि ते अवघड नाही. पुढच्या वेळी गोल आकडा ऐकलात की म्हणा, लिहून द्या: भाग, पार्ट नंबरसह, किती, रंग किती, मजुरी किती. आणि काढलेला जुना भाग मला परत हवा. जो लिहून देतो त्याला काम द्या, दोन पैसे जास्त लागले तरी. जो टाळतो त्याच्याकडून गाडीची किल्ली परत घ्या.